मका हंगामात, मळी उन्हाळ्यात: नाशिक जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीचं प्रकरण

नाशिक जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना धरू. गाळप दिवसाला ३,५०० टन, जोडीला दिवसाला ६० हजार लिटरची डिस्टिलरी, बी हेवी मळीवर (सगळी साखर काढून न घेता मधेच बाजूला काढलेल्या मळीवर) चालणारी. हंगामात चार लाख टन ऊस गाळला की सव्वासहा टक्क्यांच्या हिशोबाने २५ हजार टन बी हेवी मळी निघते. टनाला ३१० लिटर म्हणजे ७७ लाख लिटर इथेनॉल, डिस्टिलरीला १३० दिवस पुरेल एवढं काम. उरलेले दिवस यंत्रं थंड, कर्जाचा हप्ता मात्र चालू. संचालक मंडळापुढचा प्रश्न असा की हीच डिस्टिलरी मक्यावरही चालवावी का, आणि चालवायची तर वर्षातल्या कोणत्या महिन्यांत.

कारखाना प्रातिनिधिक आहे, म्हणून नाव नाही. सरकारी दर प्रत्यक्षातले आहेत. जे आकडे हिशोबापुरते धरले आहेत, ते धरलेले असल्याचं त्या त्या जागी सांगितलं आहे. आपल्या कारखान्याचे आकडे घालून प्रत्येकाने ही बेरीज पुन्हा मांडावी.

हा प्रश्न आत्ताच का आला

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाचा रस आणि पाकापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी आणली. आठवडाभरात ती थोडी सैल करून १७ लाख टन साखरेएवढी मर्यादा घातली. त्याआधी जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळही इथेनॉलसाठी थांबला होता. पोकळी भरायला मका पुढे केला गेला. मक्याच्या इथेनॉलचा दर आधी लिटरला ₹६६.०७ होता, जानेवारी २०२४ मध्ये तो ₹७१.८६ झाला. बी हेवीचा दर ₹६०.७३. लिटरमागचा हा अकरा रुपयांचा फरकच प्रत्येक सर्वसाधारण सभेत फळ्यावर लिहिला जातो आणि तिथेच बहुतेकांचा हिशोब संपतो.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांना मळीची डिस्टिलरी बहुकच्च्या मालाची (मळीसोबत मका-धान्यावरही चालणारी) करण्यासाठी व्याजसवलत जाहीर केली: वर्षाला सहा टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मं, यांतलं कमी असेल ते, पाच वर्षांसाठी, त्यात एक वर्ष हप्तामाफी. म्हणजे दर चांगला आणि कर्जही स्वस्त. बिघडलं ते मागणीच्या बाजूने. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी १,०५० कोटी लिटरची निविदा काढली, प्रस्ताव आले १,७७६ कोटी लिटरचे. मक्याला सुमारे ४६ टक्के वाटा मिळाला, तरी देशभरात जेवढं देऊ केलं त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपासच स्वीकारलं गेलं. त्याच दरम्यान, जानेवारी २०२५ पासून, अन्न महामंडळाचा तांदूळ डिस्टिलऱ्यांना क्विंटलला ₹२,२५० ने मिळू लागला. मक्याचा पेरा वाढलेला, डिस्टिलऱ्यांची भूक मर्यादित, त्यात स्वस्त तांदूळ. २०२५ च्या दिवाळीनंतर राज्यातल्या बहुतेक बाजार समित्यांत मका ₹२,४०० च्या हमीभावाच्या कितीतरी खाली विकला गेला. ‘इथेनॉलमुळे मका सोन्याच्या भावाने जाईल’ हे वाक्य त्या हंगामात कुणी उच्चारलं नाही.

नाशिकचा मका कधी येतो, आणि शेतकरी तो का थांबवत नाही

मालेगाव, येवला, चांदवड, नांदगाव, निफाड, सिन्नर, देवळा, बागलाण या पट्ट्यात खरीप मक्याचं क्षेत्र दोन लाख हेक्टरांच्या वर जातं. पेरणी जून-जुलैत, सोंगणी ऑक्टोबरपासून. मक्यामागे त्याच रानात उन्हाळ कांदा लागतो. कांद्याचं रोप, लागवडीची मजुरी, खत हा पैसा नोव्हेंबर-डिसेंबरात हातात लागतो आणि तो मक्यातूनच यायचा असतो. त्यामुळे भाव पडला म्हणून मका घरात ठेवायची ऐपत फार थोड्यांची. मळणी यंत्रातून निघालेला दाणा ट्रॅक्टरमध्ये भरून थेट बाजार समितीत जातो.

हा दाणा ओला असतो. सोंगणीला १८ ते २५ टक्के ओलावा ही नेहमीची गोष्ट, परतीचा पाऊस लांबला तर त्याहून जास्त. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर १४ टक्क्यांची अट असते. डिस्टिलरीही साठवणुकीसाठी १४ टक्केच मागते. मधली दरी शेतकरी खळ्यावर ऊन देऊन भरून काढतो किंवा व्यापारी नजरेने कापून घेतो. ही कपात सरळ त्रैराशिकाने मांडता येते. १०० क्विंटल मका २० टक्के ओलाव्याचा असेल तर त्यात ८० क्विंटल कोरडा ऐवज. १४ टक्क्यांवर आणला की ८० भागिले ०.८६, म्हणजे ९३ क्विंटल उरतो. म्हणून १४ टक्क्यांना ₹२,००० भाव असेल तर २० टक्क्यांच्या मालाला ₹१,८६० हा न्याय्य भाव. पंचवीस टक्क्यांना ₹१,७४४. याहून जास्त कापलं जात असेल तर ती वाळवणीची मजुरी तरी असते, नाहीतर नफा.

एका टनातून काय निघतं

एक किलो स्टार्चपासून कागदावर ०.७२ लिटर इथेनॉल मिळतं. मक्यात ६० टक्के स्टार्च धरला तर टनाला ४३२ लिटर; प्रत्यक्षात चांगल्या प्लान्टच्या हाती ३८० लागतात. स्टार्च एक टक्क्याने घसरला की टनामागे सहा-साडेसहा लिटर, म्हणजे साधारण ₹४५५ गेले. तरी बहुतेक खरेदी काट्यावर ओलावा आणि कचरा तेवढा पाहतात, स्टार्च नाही. किडका, बुरशीचा, अर्धवट भरलेला दाणा वजनाला पूर्ण आणि लिटरला अपुरा.

टनाला सुमारे ३०० किलो डीडीजीएस उरतं. स्टार्च गेल्यावर राहिलेली प्रथिनं, तेल, तंतू आणि मेलेलं यीस्ट यांचं हे सुकवलेलं खाद्य, प्रथिनं २६ ते ३० टक्के. बाकी वजन कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून जातं.

६० हजार लिटरला रोज १५८ टन मका लागतो. दीडशे दिवस चालवायचं तर २३,७०० टन. एकरी २५ क्विंटल उतारा धरला तर साडेनऊ हजार एकरांचा माल. जिल्ह्याच्या मक्याखालच्या क्षेत्राच्या दोन टक्केही नाही. एक डिस्टिलरी उभी राहिली की तालुक्यातला भाव उठेल, असं सभासदांना सांगणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा. काट्यावरची कपात प्रामाणिक ठेवणं तिच्या हातात आहे. बाजाराचा भाव नाही.

मळीच्या डिस्टिलरीत मका घालताना काय बदलावं लागतं

फर्मेंटर, रेक्टिफायर कॉलम, इथेनॉलमधलं शेवटचं पाणी काढणारी मॉलिक्युलर सिव्ह आणि साठवण टाक्या जुन्याच चालतात. दळणापासून लिक्विफॅक्शनपर्यंतचा (स्टार्च एन्झाइमने पातळ करण्यापर्यंतचा) पुढचा भाग आणि डिकँटरपासून (पाणी आणि घन वेगळं करणाऱ्या यंत्रापासून) ड्रायरपर्यंतचा मागचा भाग नवा लागतो. या दोन टोकांचा खर्च ₹४० कोटी धरला आहे.

मका आधी चाळणी, खडे काढणारं यंत्र आणि चुंबक यांतून जातो. खळ्यावरच्या मालात खडे आणि मळणी यंत्राचे तुटके बोल्ट हमखास निघतात, आणि हॅमर मिलची जाळी एका बोल्टने फाटते. दळण एक ते दीड मिलिमीटर ठेवतात. जाड राहिलं तर स्टार्च आत अडकून डीडीजीएसमध्ये जातो. फार बारीक झालं तर डिकँटरला पाणी आणि घन वेगळं करता येत नाही. १७ टक्क्यांच्या पुढे ओलावा असेल तर जाळी चिकटून बंद पडते. मिलचा अँपिअर वाढत गेला आणि पीठ कमी येऊ लागलं की पहिला संशय ओलाव्याचा.

पिठाचा २८ ते ३२ टक्के घन असलेला राबडा करून पीएच ५.५ ते ५.८ वर आणतात, अल्फा अमायलेज एन्झाइम घालतात, जेट कुकरमध्ये १०५ ते ११० अंशांपर्यंत नेतात आणि मग ८५ ते ९० अंशांवर दोनेक तास धरतात. आयोडीनच्या थेंबाला निळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक आहे, पुढे सोडू नये. घाईत पुढे सोडलेला राबडा फर्मेंटरमध्ये घट्ट होतो आणि पंप अडतो. ३२ अंशांवर गार करून ग्लुकोअमायलेज, युरिया आणि यीस्ट एकत्र घालतात. ५५ ते ६५ तासांत १३ ते १४ टक्के अल्कोहोल मिळतं. मळीच्या वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या द्रावणात, ते दहा-अकरा टक्के असतं. मक्यात यीस्टवर ताण जास्त, त्यामुळे तापमान ३५ च्या वर गेलं तर शेवटचे दोन टक्के मिळतच नाहीत, साखर शिल्लक राहते आणि आम्लता वाढवणारे जिवाणू ती खातात.

मळीच्या डिस्टिलरीतला पहिला कॉलम पातळ वॉशसाठी केलेला असतो. मक्याच्या वॉशमध्ये टरफल आणि तंतू तरंगत असतात. बारीक छिद्रांचे ट्रे महिनाभरात बुजतात, दाब वाढतो, कॉलमच्या तळातून अल्कोहोल वाहून जातं. ट्रे बदलायला हवेत. यंत्रपुरवठादाराच्या पहिल्या कोटेशनमध्ये हा खर्च बहुधा नसतो. इव्हॅपोरेटरही दोन्हींसाठी एकच वापरू नये. मळीच्या स्पेंटवॉशचे (अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या पाण्याचे) क्षार आणि मक्याच्या तशाच पातळ स्लॉपमधली प्रथिनं यांची पुटं वेगळी, धुण्याची रसायनं वेगळी, आणि एकच संच वापरला तर निम्मा वेळ धुण्यात जातो.

मक्याचा घन भाग डिकँटरमधून ३० ते ३५ टक्के कोरडा निघतो, उरलेल्या पाण्याचा पाव ते एक तृतीयांश भाग पुन्हा राबड्यात फिरवतात, बाकी इव्हॅपोरेटरमध्ये आटवून पाक करतात आणि दोन्ही मिळून वाफेच्या ड्रायरमध्ये दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत सुकवतात. फिरवलेलं पाणी एक तृतीयांशाच्या पुढे नेलं की आम्लता साठत जाते आणि आठ-दहा दिवसांनी फर्मेंटेशन बसतं. बिघाडाचं कारण आठवडाभर मागचं असल्याने ते सापडत नाही. यीस्टला दोष देऊन यीस्ट बदलत बसतात.

सगळे सांगतात तसा हिशोब

प्रकल्प अहवालांचा ठरलेला साचा असा: गाळप हंगामात मळी, ऑफ-सीझनला मका. मे ते सप्टेंबर दीडशे दिवस मका, ९० लाख लिटर. नाशिकमध्ये हा साचा का बसत नाही ते पाहू.

मका येतो ऑक्टोबर ते जानेवारी, वापरायचा मे ते सप्टेंबर. म्हणजे २३,७०० टन सरासरी सहा महिने सांभाळायचा. ₹२,००० भावाने त्यात ₹४७.४ कोटी अडकतात. दहा टक्के व्याजाने लिटरमागे ₹२.६३. सोंडे किडा, वजनातली घट, धुरीच्या गोळ्या यांचे साठ पैसे धरले. एन्झाइम, यीस्ट, रसायनं, इंधन, वीज, मजुरी मिळून ₹१३. भांडवलावरचं व्याज आणि परतफेड वर्षाला ₹६.३ कोटी धरली, ती ९० लाख लिटरवर ₹७. मक्याची किंमत लिटरला ₹५२.६३. डीडीजीएस किलोला ₹१५ ने गेलं तर ₹११.८४ परत. बेरीज ₹६४.०२. दर ₹७१.८६, म्हणजे पावणेआठ रुपये शिल्लक. छान दिसतं.

आता मक्याला २०२५-२६ चा हमीभाव देऊन पाहा. ₹२,४०० ने मक्याचीच किंमत लिटरला ₹६३.१६, व्याज ₹३.१६, एकूण ₹७५ च्या पुढे. लिटरमागे तीन रुपयांहून जास्त तोटा. ना नफा ना तोटा असा भाव येतो सुमारे ₹२,२८०. म्हणजे या साच्यात शेतकऱ्याला हमीभावाहून सव्वाशे रुपये कमी दिले तरच कारखाना टिकतो. शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याला हे सभेत सांगता येणार नाही, म्हणून ते अहवालात लिहिलं जात नाही.

इंधनाचं तर वेगळंच. मक्याच्या लिटरला ड्रायर धरून साधारण साडेचार किलो वाफ लागते. दिवसाला २७० टन वाफ, म्हणजे १२० टनांच्या वर बगॅस (उसाचं चिपाड). दीडशे दिवसांना १८ हजार टन. चार लाख टन उसातून बगॅस निघतं एक लाख बारा हजार टन आणि बहुतेक हंगामातच जळतं. अठरा हजार वाचवणारे कारखाने थोडे. उरलेल्यांना कोळसा किंवा बाहेरचं बगॅस, आणि मग ₹१३ चे ₹१५-१६ होतात.

उलटा साचा

आमचं म्हणणं हे की नाशिकमध्ये मका गाळप हंगामात चालवावा आणि मळी टाक्यांत भरून उन्हाळ्यात चालवावी. १५ ऑक्टोबर ते १५ मार्च मका, तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मळी, पुढे पावसाळ्यात ओव्हरहॉलिंग.

पहिला फायदा ओलाव्याचा. साठवायचा नसेल तर मका १४ टक्क्यांवर आणायची गरज नाही. १६-१७ टक्क्यांचा दाणा दोन-तीन दिवसांत दळला तर चालतो. शेतकऱ्याला कोरड्या ऐवजावर भाव द्यायचा, वाळवणीचा वाद मिटतो. त्याहून ओला माल १५-१६ टक्क्यांच्या मालात मिसळून घेता येतो, पण ढीग ७२ तासांच्या आत संपला पाहिजे. ओला ढीग आतून तापतो आणि बुरशी धरतो. तिथे वाचलेले पैसे डीडीजीएसमध्ये दुपटीने जातात.

दुसरा इंधनाचा. हंगामात बॉयलर पेटलेला असतोच. तासाला अकरा टन जादा वाफ काढावी लागते. सहवीज असलेल्या कारखान्यात तेवढी वीजविक्री घटते. गाळप सुरू होण्याआधीचे दोन आठवडे आणि संपल्यानंतरचे दोन आठवडे शिलकीच्या बगॅसवर काढता येतात, त्याला ३,७०० टन पुरतात. उन्हाळ्यात मळीवर चालताना स्पेंटवॉश आटवून जाळणारा स्लॉप बॉयलर स्वतःच बरीचशी वाफ देतो, थोडं पूरक इंधन पुरतं. मक्याच्या स्लॉपला ही सोय नाही, कारण त्याचं खाद्य करायचं असतं.

तिसरा थंडीचा. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांवर उतरतो. कूलिंग टॉवरचं पाणी फुकट गार मिळतं आणि तेही नेमकं १४ टक्के अल्कोहोलच्या नाजूक फर्मेंटेशनला. मेमध्ये मालेगावच्या ४२ अंशांत मका आंबवणं म्हणजे चिलरचं बिल. मळीचा वॉशही तेव्हा तापतो, पण अल्कोहोल कमी असल्याने यीस्ट तग धरतं.

पैशात मांडलं तर: मका सरासरी दीड महिना थांबतो, व्याज लिटरला ६६ पैसे. घट २० पैसे. इंधनातली बचत रुपयाभर धरून प्रक्रिया ₹१२. मळी थांबवण्याचं व्याज मात्र आलं: २५ हजार टन, टनाला ₹१०,००० धरले, पाच महिने, ते मक्याच्या लिटरवर टाकलं तर ₹१.१६. भांडवल ₹७ तेच, कारण मका साठवायच्या सायलोंऐवजी मळीच्या तीन नव्या टाक्या बांधाव्या लागतात. ₹२,००० भावाला बेरीज ₹६१.८१ आणि ना नफा ना तोटा भाव ₹२,३७५. डीडीजीएस ₹१५ ऐवजी ₹१६ ने गेलं की हमीभाव देऊनही कारखाना पाण्यावर राहतो. व्याजातली निव्वळ बचत फार नाही, हे उघड आहे. सुधारणा आली ती व्याज, घट आणि इंधन यांच्या बेरजेतून.

या साच्याची दुखरी जागा रोख पैशात आहे. उसाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान दर) चौदा दिवसांत द्यायची असते आणि मळी टाकीत बसलेली. मक्याच्या इथेनॉलचे पैसे येतात, पण त्यातले बहुतेक मक्यालाच जातात. बँकेकडून मळीच्या साठ्यावर उचल मंजूर करून घेतल्याशिवाय हा साचा सुरू करू नये. दुसरी गोष्ट टाकीची. बी हेवी मळीत साखर जास्त; ४० अंशांच्या पुढे ती स्वतःहून तापत जाते, फेसाळते आणि आंबवण्यालायक साखर घटते. पंपाने फिरवत राहणं, टाकीवर पाण्याचा फवारा, आणि तळ, मध्य, वर अशी तीन ठिकाणी रोजची तापमान नोंद. मार्चपासून हे टाळलेल्या टाकीतून काळा फेस बाहेर येतो. तिसरी गोष्ट करारातली: तेल कंपन्यांचा पुरवठा तिमाहीवार आणि कच्च्या मालानुसार ठरतो, तेव्हा निविदा भरतानाच पहिल्या दोन तिमाहींत मका आणि पुढच्या दोनांत मळी असं लिहावं लागतं. माल पोचवण्याचा प्रश्न नाही, मनमाडजवळ पानेवाडीचे डेपो जिल्ह्यातच आहेत. इथेनॉल ९९.५ टक्क्यांखाली गेलं तर टँकर तिथूनच परत येतो.

डीडीजीएस: इथे प्रकल्प तरतो किंवा बुडतो

किलोमागे एक रुपया म्हणजे लिटरमागे ७९ पैसे, वर्षाला सत्तर लाखांच्या वर. रोज ४७ टन माल निघतो आणि देशभर डिस्टिलऱ्या वाढल्याने खरेदीदार आता निवडून घेतो.

तो आधी अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, पाहतो. मक्याचे दोन तृतीयांश निघून गेल्यावर विष तेवढंच राहतं, म्हणून मक्यात दहा पीपीबी (अब्ज भागांत दहा भाग) असेल तर डीडीजीएसमध्ये तीस. दुभत्या जनावराच्या खाद्यात ते गेलं की दुधात उतरतं आणि दुधाची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. काट्यावर प्रत्येक ट्रॉलीची पट्टीचाचणी शक्य नसेल तर निदान रंग बदललेला, उबट वासाचा माल वेगळा उतरवावा. बुरशीच्या मक्यापासूनही इथेनॉल निघतंच, थोडं कमी एवढंच, म्हणून तो स्वस्तात घेण्याचा मोह होतो. तसं केलेल्या प्लान्टचं डीडीजीएस गोदामात पडून राहतं.

मग तो रंग पाहतो. ड्रायर जास्त तापवला की माल तपकिरी होतो, प्रथिनातला लायसिन हा घटक जळतो आणि कोंबडीला त्याचा उपयोग राहत नाही. सोनेरी पिवळा माल आणि करपलेला माल यांच्या भावात किलोला दोन-तीन रुपयांचा फरक सहज पडतो. पावसाळ्यात डीडीजीएस हवेतलं पाणी ओढून गठ्ठे धरतं. उलट्या साच्यात ते हिवाळ्यात तयार होऊन हिवाळ्यातच खपतं, हाही एक भाग.

कोंबडी, सोयाबीन आणि अमेरिका

‘अन्न की इंधन’ हा वाद नाशिकला तसाच लागू पडत नाही. इथला मका ताटात फारसा येत नाही. तो जातो कोंबडीला, गाईला, आणि कणसासकट कापला तर मुरघासाला. ब्रॉयलरच्या खाद्यात साठ टक्के मका, आणि एक किलो जिवंत वजनाला १.६ किलो खाद्य; म्हणजे किलोभर कोंबडीमागे जवळपास किलोभर मका. मका एक रुपयाने चढला की कोंबडीचा खर्च एक रुपयाने चढतो. २०२४ मध्ये मका महागला तेव्हा पोल्ट्रीवाल्यांची ओरड खरी होती आणि देशाला म्यानमार, युक्रेनकडून मका आणावा लागला. २०२५ च्या अखेरीस तीच पोल्ट्री स्वस्त मक्यावर खूश होती आणि रडत होता शेतकरी.

कमी बोललं जातं ते सोयाबीनबद्दल. डीडीजीएस खाद्यात शिरलं की सोयापेंडीची जागा कमी होते. निफाड, येवला, दिंडोरीत मका आणि सोयाबीन बहुधा एकाच सातबाऱ्यावर असतात. मक्यात मिळालेलं सोयाबीनमध्ये काही प्रमाणात जातं. इथेनॉलमुळे शेतकऱ्याचं उत्पन्न किती वाढलं हे सांगणाऱ्या कोणत्याही आकड्यातून ही वजाबाकी झाली आहे का, हे विचारायला हवं.

अमेरिकेत ‘अन्न की इंधन’ हा वाद इथेनॉल मिसळणं सक्तीचं करणाऱ्या २००५ आणि २००७ च्या कायद्यांनंतर पेटला. तिथे पिकणाऱ्या मक्याचा साधारण तिसरा हिस्सा इथेनॉलला जातो. कार्बनच्या हिशोबावर तिथे आजही दोन तट आहेत: आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळा म्हणते पेट्रोलपेक्षा उत्सर्जन ४० टक्क्यांहून अधिक कमी, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास म्हणतो, नव्याने नांगराखाली आलेली जमीन धरली तर किमान २४ टक्के जास्त. इथे ती आकडेमोड उचलून आणण्यात अर्थ नाही. नाशिकचा खरीप मका बहुतांशी पावसावर, एखाददुसऱ्या संरक्षित पाण्यावर येतो. ऊस वर्षभर पाणी मागतो, आणि एवढ्याच एका बाबतीत मक्याचं पारडं निर्विवाद जड आहे. नत्राची शिफारस हेक्टरी १२० किलो, म्हणजे २६० किलो युरिया. हेक्टरी सहा टन उतारा धरला तर लिटरमागे सव्वाशे ग्रॅमच्या आत. जमीन जंगलातून आलेली नाही, पण ती बाजरी आणि कडधान्याकडून आलेली आहे, आणि तो बदल कार्बनच्या तक्त्यात कुठे दिसत नाही.

गाडीचं मायलेज हा वेगळा विषय आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा एक तृतीयांशाने कमी, म्हणून ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये, इंधनाची ऊर्जा साधारण सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट मान्य केलेली होती. डिस्टिलरीच्या निर्णयाशी त्याचा संबंध एवढाच की विरोध वाढला तर मिश्रण २० टक्क्यांच्या पुढे जाणार नाही, आणि ज्यादा क्षमतेला गिऱ्हाईक उरणार नाही.

मंडळापुढे ठेवायचा ठराव

पहिल्या वर्षी ६० हजारांची पूर्ण क्षमता मक्याला जोडू नये. दळण, लिक्विफॅक्शन आणि डिकँटर ६० हजारांचे घ्यावेत, कारण पुढे वाढवणं महाग पडतं. ड्रायर मात्र ३० हजारांचा. दूध संघ आणि गोठे चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये असतील तर डिकँटरमधून निघालेला घन भाग, म्हणजे ओला केक, न सुकवता विकता येतो, वाफ वाचते. तो हिवाळ्यातही दोन-तीन दिवसांपेक्षा टिकत नाही, म्हणून रोजची उचल बांधून घ्यावी.

तेल कंपनीचं वाटप क्षमतेच्या ६० टक्क्यांखाली आलं तर त्या वर्षी मका सुरू करू नये. ९० ऐवजी ५० लाख लिटरवर भांडवलाचा बोजा ₹७ वरून ₹१२.६० होतो आणि ₹२,००० चा मकाही जेमतेम परवडतो. मक्याची खरेदी कोरड्या ऐवजाच्या छापील तक्त्याने, काट्याशेजारी लावून. स्टार्च मोजणारं यंत्र काट्यावर पहिल्या दिवसापासून, आणि डीडीजीएसच्या निम्म्या मालाचा सहा महिन्यांचा विक्री करार हातात येईपर्यंत ड्रायरची ऑर्डर देऊ नये.